वाड्यावरचे आणि गोठ्यातले प्रश्न

या वेळच्या पत्रांत माणपासून वाळव्यापर्यंतचे प्रश्न आहेत. बहुतेकांनी औषधाचं किंवा लशीचं नाव विचारलंय. ते दिलंच आहे. पण जवळजवळ प्रत्येक उत्तरात चाऱ्याची गोष्ट मध्ये आलीय. रिकाम्या पोटाच्या जनावरात चांगलं औषधही अर्धंच काम करतं, त्यामुळे ती टाळता येत नाही.

प्रश्न : माझी ऐंशी मेंढरं आहेत. पावसाळ्यात दर महिन्याला जंताचं औषध पाजतो. कंपनीही दोनदा बदलली. तरी गळ्याखाली सूज येते, कोकरं मागं पडतात. औषध खोटं आहे का मात्रा कमी पडते? (मेंढपाळ, ता. माण)

गळ्याखालची सूज म्हणजे साठलेलं पाणी. मेंढीच्या चौथ्या पोटात हिमॉन्कस नावाचा केसासारखा बारीक, दोन-तीन सेंटिमीटर लांब जंत राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त नेतो. हजार जंत झाले की रोज 50 मिली गेलं, आणि तीस किलोच्या मेंढीत सगळं मिळून रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. रक्तासोबत प्रथिनंही जातात. ती कमी झाली की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. मेंढी दिवसभर मान खाली घालून चरते म्हणून ते जबड्याखाली उतरतं. रात्री मान वर राहिली की सकाळी सूज ओसरल्यासारखी दिसते. म्हणून ही तपासणी संध्याकाळी, कळप वाड्यावर (मेंढरांच्या तळावर) परतल्यावर करा. या जंतात हगवण लागतेच असं नाही. लेंडी घट्ट आहे म्हणून जंत नाहीत, असं समजू नका.

आता औषधाचं. तुम्ही कंपनी बदललीत, पण औषधाचा गट बदलला का? अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही एकाच गटातली भावंडं. एकाला न जुमानणारा जंत दुसऱ्यालाही जुमानत नाही. या गटाला दाद न देणारा हिमॉन्कस आपल्या देशात ठिकठिकाणी सापडलाय. दर महिन्याला सगळ्या कळपाला पाजलं की मरणारे जंत मरतात, न मरणारे उरतात आणि पुढची पैदास त्यांचीच होते. तुमच्या कळपात हेच घडलं असण्याची शक्यता मोठी आहे.

खात्री करायची तर लेंडीतली अंडी मोजून घ्या. दहा-पंधरा मेंढ्यांवर रंगाची खूण करा. प्रत्येकीची ताजी लेंडी, जमिनीवरची नाही, गुदद्वारातून बोटाने काढलेली, वेगळ्या पिशवीत घ्या. पिशवीतली हवा दाबून काढून गाठ मारा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. उबेत राहिली तर अंडी पिशवीतच फुटतात आणि आकडा चुकतो. नमुना घेतला की त्याच दिवशी औषध पाजा. चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची लेंडी पुन्हा द्या. आधी सरासरी 1,200 अंडी होती आणि नंतर 300 राहिली, तर घट 75 टक्के झाली. 95 टक्क्यांहून कमी घट आली की तो गट तुमच्या कळपात निकामी झाला असं धरा. मग लिव्हॅमिसोल, आयव्हरमेक्टिन किंवा क्लोझान्टेल यांपैकी काय घ्यायचं ते डॉक्टरांसोबत ठरवा. क्लोझान्टेलची मात्रा जास्त झाली तर मेंढी आंधळी होते, ते अंदाजाने पाजू नका.

मात्राही नजरेने ठरत नाही. ताणकाट्याला झोळी बांधून कळपातल्या सर्वांत जड चार मेंढ्या तोला आणि ज्यांना औषध द्यायचं त्या सगळ्यांना त्या वजनाने द्या. (कोकरांचा हिशेब वेगळा.) 32 किलोच्या मेंढीला फेनबेंडाझोल किलोला 5 मिलिग्रॅमने 160 मिलिग्रॅम लागतं. 2.5 टक्क्यांच्या औषधात मिलीला 25 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 6.4 मिली. बाटलीवरचे टक्के न वाचता झाकणाने मोजणाऱ्यांचं इथेच चुकतं. कळपात शेळ्या असतील तर त्यांना मेंढीची मात्रा पुरत नाही. शेळीचं शरीर ही औषधं लवकर बाहेर टाकतं. तिची मात्रा डॉक्टरांकडून वेगळी लिहून घ्या.

पाजताना मान वर ताणू नका, औषध फुप्फुसात जातं. तोंड आडवं ठेवा, नळी गालाच्या कडेने जिभेच्या मुळावर न्या आणि हळू सोडा. जिभेच्या टोकावर सोडलेलं औषध पहिल्या पोटाला वळसा घालून सरळ पुढे जाऊ शकतं आणि त्याचा असर लवकर संपतो. गाभण मेंढीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको.

आणि सगळ्या कळपाला पाजणं थांबवा. दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकात मेंढीच्या पापणीचा रंग पाहून औषध द्यायची पद्धत बसवली गेली. ती माणच्या माळावरही करता येते. सकाळच्या स्वच्छ उजेडात वरची पापणी अंगठ्याने डोळ्यावर हलकी दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा आणि आतला पडदा एक-दोन सेकंदांत पाहा. जास्त वेळ उघडी ठेवली तर रंग बदलतो. लालभडक किंवा लालसर गुलाबी असेल तर सोडून द्या. फिकट गुलाबी-पांढरा किंवा कागदासारखा पांढरा असेल तर औषध द्या. नुसता गुलाबी असेल तर कोकरू आणि गाभण मेंढीला द्या, इतरांना नको. पावसाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करा. पापणी गोचिडांनी किंवा यकृतातल्या पानकृमींनीही पांढरी पडते, तेही बघा. कळपातले बहुतेक जंत वीस-तीस टक्के मेंढ्यांतच असतात. बाकीच्यांना औषध न दिल्याने औषधाला दाद देणारे जंत रानात टिकतात आणि औषधाची ताकद राहते. ज्या मेंढीला वारंवार औषध लागतं, तिच्या पोटचा मेंढा पैदाशीला ठेवू नका. जंतांना तोंड देण्याची ताकद काही प्रमाणात आई-बापाकडून येते.

आता खुराक. सारख्याच संख्येने जंत पोटात सोडून, एका गटाला भरपूर आणि दुसऱ्याला कमी प्रथिनं देऊन केलेले प्रयोग अनेक देशांत झालेत. प्रथिनं मिळालेली कोकरं रक्त भरून काढतात आणि पुढे जंत बाहेरही टाकतात. कमी मिळालेली खंगतात. व्यायच्या सुमाराला मेंढीच्या लेंडीत अंडी एकाएकी वाढतात. त्या दिवसांत शरीर प्रथिनं आधी दुधाला देतं, जंतांशी लढायला उरलंसुरलं. हीच अंडी पहिल्या पावसात कोकरांच्या चरणीवर पडतात. म्हणून व्यायच्या आधीचे सहा आणि नंतरचे सहा आठवडे गाभण मेंढीला रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक हवा. मका भरडा 45 किलो, भुईमूग पेंड 20, गव्हाचा कोंडा 32, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो, असं शंभर किलो करा. प्रथिनं सतरा टक्क्यांच्या जवळ येतात. पहिल्या दिवशी 50 ग्रॅम द्या आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. क्षार मिश्रण मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाईच्या मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस विष होतं. पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती पोत्यासकट परत करा. गव्हाणीत प्रत्येकीला वीतभराहून थोडी जास्त, फूटभर जागा द्या. नाहीतर दांडग्या खातात आणि ज्यांच्यासाठी खुराक केला त्या मागे उभ्या राहतात.

ऐंशींना हे परवडणार नाही, हे आम्हाला कळतं. गाभण, जुळी पाजणारी आणि पांढऱ्या पापणीची, एवढ्यांनाच द्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळं देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली. असा मेंढा तुमच्या कळपात फिरला असेल तर जुळ्यांच्या आयांचा खुराक अजिबात तोडू नका.

माणचा उन्हाळा एका बाबतीत तुमच्या बाजूने आहे. तापलेल्या माळावर जंताची पिलं फार टिकत नाहीत. ती टिकतात पाटाकडेच्या, बागायतीच्या बांधावरच्या ओल्या गवतात. तिथे पाऊस नसतानाही ती तयार असतात आणि गवताच्या बुडाकडच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये जास्त असतात. दव सुकल्यावर चारा, आणि गवत बुडापर्यंत खुरटू देऊ नका.

प्रश्न : ज्वारी काढलेल्या रानात खतासाठी रात्री मेंढरं बसवली होती. सकाळी चांगली तगडी तीन कोकरं मेलेली दिसली. आंत्रविषाराची लस मागच्या वर्षी एकदा टोचली होती. विषबाधा समजायची का रोग? (मेंढपाळ, ता. जत)

मेलेल्या जनावराला हात लावायच्या आधी एक गोष्ट पाहा. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलंय का? आलं असेल तर फाशी (अँथ्रॅक्स) धरून चाला. कापू नका, सोलू नका, कुत्र्यांना जाऊ देऊ नका. उघड्या हवेत या जंतूचे बीजाणू तयार होतात आणि वर्षानुवर्षं मातीत राहतात, माणसालाही लागतात. डॉक्टरांना कळवा. ते सांगतील तशी सहा फूट खोल, चुना टाकून विल्हेवाट लावा.

रक्त नसेल तर तीन शक्यता राहतात. ज्वारी काढल्यावर बुडख्याला फुटलेले कोवळे फुटवे खाल्ले तर सायनाईडची विषबाधा होते. काही गावांत याला किराळ लागणं म्हणतात. पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांत हे विष जास्त असतं. पण ते घड्याळावर मारतं. खाल्ल्यावर पाव तासापासून दोन-एक तासांत, बहुधा रानातच, धापा टाकत जनावर पडतं आणि तोंडाची आतली कातडी लालभडक दिसते. वेळेत सोडियम थायोसल्फेट शिरेतून मिळालं तर जनावर वाचतं, म्हणून फोन आधी. दुसरी शक्यता, सांडलेली कणसं जास्त खाऊन पोटात आम्ल वाढणं. असं जनावर बहुधा एक-दोन दिवस सुस्त राहतं, दात खातं, आंबूस पातळ हगतं. तुमची कोकरं तगडी होती, रात्रीतून गेली, आदल्या संध्याकाळी ठणठणीत होती. हे वर्णन आंत्रविषाराला सर्वांत जुळतं.

या रोगाचा जंतू बाहेरून यावा लागत नाही, तो निरोगी मेंढीच्या आतड्यात थोड्या संख्येने असतोच. दाणा एकदम जास्त गेला की न पचलेला स्टार्च खालच्या आतड्यात उतरतो. त्यावर जंतू काही तासांत वाढतो आणि त्याचं विष रक्तात जातं. सर्वांत हावरं, सर्वांत वाढीचं कोकरू सर्वांत जास्त खातं, म्हणून तेच आधी जातं. शवविच्छेदन लवकर करून घ्या. उशीर झाला की मूत्रपिंड तसंही मऊ पडतं आणि निदान सांगता येत नाही. आतड्यातला पातळ द्रव बर्फावर प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. मूत्राशयातल्या मूत्रात साखर निघाली तर संशय बळावतो.

लशीचं चुकलं ते असं. पहिल्यांदा टोचताना चौदा ते एकवीस दिवसांनी दुसरा डोस लागतोच, एका डोसाने संरक्षण टिकत नाही. त्यानंतर दर वर्षी पावसाआधी. गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी टोचलं की चिकातून कोकराला पहिले दोन-अडीच महिने आधार मिळतो. यंदा दोन्ही डोस पुरे करा. तोवर कळप त्या रानातून आजच हलवा. दुसऱ्या रानात नेताना आधी कडब्याने पोट भरा, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडा वेळ वाढवत चारा. रानात मालकाने बसवायचे पैसे दिलेत म्हणून रात्रभर सोडणं कोकरांना महाग पडतं.

प्रश्न : गाय पंधरा-सोळा लिटरची. हंगामात चारा म्हणजे उसाचं वाढंच. दोन वेतांत व्यायल्यावर बसली, वार अडकली आणि मग दगडी झाली. वाढ्यावर चुन्याची निवळी मारतो. अजून काय करायचं? (दूध उत्पादक, ता. वाळवा)

बसणं, वार अडकणं आणि दगडी (कासेची सूज) हे तीन आजार वेगळे दिसले तरी तुमच्या गाईत त्यांचं मूळ एकच असण्याची शक्यता आहे. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे नेतं. कॅल्शियम कमी पडलं की स्नायू ढिले पडतात. गाय बसते, गर्भाशय वार ढकलत नाही, सडाचं तोंड धारेनंतर लवकर मिटत नाही. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याशिवाय नीट काम करत नाहीत. उघड्या सडाने गाय ओल्या शेणात बसली की दगडीला वाट मोकळी.

निवळी वाईट नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. चुना पाण्यात फार कमी विरघळतो. एका लिटर निवळीत एक ग्रॅमही कॅल्शियम नसतं. तुमच्या गाईला दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढे लागतं. पाच लिटर निवळी शिंपडली तरी पाच ग्रॅम भरत नाही. त्यापेक्षा खुराकातून रोज 60 ग्रॅम क्षार मिश्रण द्या. 20 टक्के कॅल्शियमचं असेल तर 12 ग्रॅम मिळतं. आठ-दहा किलो हिरवा लसूण घास दिला तर आणखी वीसेक ग्रॅम, आणि वाढ्यात जेमतेम असलेली प्रथिनंही भरून निघतात. घासाला पाणी नसेल तर बांधावर शेवरी लावा.

वाढं हिरव्या चाऱ्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. हंगाम सुरू झाला की एकदम गव्हाण भरू नका. पोटातले काही सूक्ष्मजीव ऑक्झलेट मोडायला शिकतात, त्यांना दोन-तीन आठवडे द्या. दुसरीकडे व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची पद्धत मोडा. त्या काळात आयतं कॅल्शियम मिळालं तर हाडांतून कॅल्शियम सोडण्याची सवय सुटते, आणि नेमकी व्यायल्या दिवशी गरज वाढते तेव्हा गाय बसते. व्याली की मात्र द्या. शिरेतून द्यायचं सलाईन डॉक्टरांनीच, अंगाइतकं कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत सावकाश सोडायचं असतं. घाईने सोडलं तर हृदय थांबतं.

धार काढल्यावर गव्हाणीत ताजा चारा टाका. अर्धा-पाऊण तास गाय उभी राहते, तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं. याला खर्च काही नाही.

प्रश्न : डोंगरात चरणाऱ्या गाईच्या नाकाची आणि पांढऱ्या ठिपक्यांवरची कातडी सोलून निघतेय. लम्पी आहे का? (ता. पाटण)

वर्णनावरून लम्पी वाटत नाही. लम्पीत ताप येतो, अंगभर दोन ते पाच सेंटिमीटरच्या टणक गाठी उठतात. त्या काळ्या-पांढऱ्या कातडीचा भेद करत नाहीत. फक्त पांढऱ्या भागाची कातडी उन्हाने भाजल्यासारखी होत असेल तर बहुधा घाणेरीचा पाला पोटात गेलाय. यकृत बिघडतं, पाल्यातला हिरवा रंग पचून तयार झालेला पदार्थ बाहेर पडत नाही आणि तो रक्तात असताना ऊन लागलं की कातडी जळते. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा झालाय का पाहा. गाय आजच अंधाऱ्या गोठ्यात बांधा, घाणेरी बंद करा, डॉक्टरांना लवकर बोलवा. पोटातला पाला कित्येक दिवस विष सोडत राहतो, त्यासाठी कोळशाची पूड पाजावी लागते. गुरं घाणेरीला तोंड लावतात ते बहुधा दुसरं काही उरलं नाही तेव्हा. डोंगरात सोडण्याआधी घरी पेंढीभर वैरण घाला.

प्रश्न : दिवाळीनंतर कळप कोकणात उतरतो. कोणत्या लशी, कोणत्या क्रमाने? (मेंढपाळ, ता. खटाव)

आधी पापणी पाहून जंताचं औषध, मग दोन आठवड्यांनी लस. रक्त आणि प्रथिनं कमी असलेल्या जनावरात लशीने तयार होणारी प्रतिकारशक्ती कमजोर राहते. म्हणून मधल्या पंधरवड्यात अशक्त मेंढ्यांना खुराक द्या. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीसारख्या साथीच्या रोगाची) लस तीन-चार महिन्यांवरच्या सगळ्यांना, कातडीखाली एक मिली. ती तीन वर्षं पुरते. त्यामुळे दर वर्षी नवीन कोकरं आणि बाजारातून आणलेलीच टोचायची, पण त्यांच्या कानाचे बिल्ले नोंदवून ठेवा. मेंढ्यांच्या देवीची लस आणि लाळ्या-खुरकूतची लसही निघायच्या आधी. किती दिवसांच्या अंतराने ते तालुक्याच्या दवाखान्यात ठरवून घ्या आणि शेवटची सुई निघायच्या किमान तीन आठवडे आधी पडेल असं बघा. वाटेत टोचलेली लस वाटेतल्या रोगाला पुरेशी लवकर उपयोगी पडत नाही. पीपीआरची लस द्रावणात मिसळली की बर्फातच ठेवायची आणि दोन तासांत संपवायची. उरलेली उद्याला नको.

कोकणातल्या भातखाचरांत गोगलगाय असते आणि तिच्यातून यकृतातला पानकृमी येतो. साचलेल्या पाण्याच्या कडेचं गवत टाळा. आजारी वाटणाऱ्या मेंढीला ऑक्सिक्लोझानाईड दिलं तर फक्त मोठे कृमी मरतात, यकृत कुरतडणारी पिलं नाही. पिलांवर ट्रायक्लाबेंडाझोल चालतं. परतल्यावर लेंडी तपासून घ्या, आणि अंडी दिसली नाहीत तरी दोन महिन्यांनी लेंडी पुन्हा एकदा तपासायला द्या. या कृमीची अंडी लेंडीत दिसायला तीन-चार महिने लागतात.

वाटेत बाजारातून घेतलेली मेंढी थेट कळपात घालू नका. तीन आठवडे वेगळी वाघर (जाळीचं कुंपण), वेगळं पाणी, आणि राखणारा माणूस आधी आपल्या कळपाकडे जाऊन मग तिच्याकडे जाईल, उलट नाही.